साडेसहाला गेटवर

चिठ्ठीवर पंचवटीतल्या एका शाळेचा पत्ता होता. वार मंगळवार, वेळ संध्याकाळी सात. सिडकोतून निमाणीची बस धरून मी पावणेसातलाच पोचलो, तर गेटला कुलूप. आत एक दिवा जळत होता आणि वॉचमन खुर्ची टाकून बसला होता. "इथं मिटिंग असते ना?" मी विचारलं. "कसली मिटिंग?" तो म्हणाला. 'दारू सोडणाऱ्यांची' हे शब्द काही केल्या तोंडातून निघेनात, कारण मागून रस्त्यानं माणसं चालली होती. शेवटी चिठ्ठीच त्याच्या पुढ्यात धरली. त्यानं ती दिव्याखाली नेऊन वाचली. "ते होय! ते गेले इथून. दीड-दोन वर्षं झाली असतील."

कुठे गेले, ते त्याला ठाऊक नव्हतं.

दवाखान्यातून सुटून मला नऊ दिवस झाले होते आणि नऊ दिवसांत थेंब घेतला नव्हता. स्टॉपकडे परत चालताना वाटेत एक बार लागला. त्या क्षणी मला काय वाटलं ते अजून लख्ख आठवतं. मोकळं वाटलं. मी माझ्याकडून गेलो होतो, तेच तिथं नव्हते. रात्री साडेदहाला घरी पोचलो. बायकोनं दार उघडलं, तिला वास आला, आणि एक शब्दही न बोलता ती आत जाऊन झोपली.

हे सगळं लिहायला बसलोय ते त्या कुलपामुळे. दारू सोडायची इच्छा फार थोडा वेळ टिकते, निदान माझी तरी तासा-दोन तासांची असायची. त्या वेळात नेमका पत्ता हाती लागला नाही तर माणूस परत फिरतो. मी फिरलो. दुसऱ्या कुणी फिरू नये, म्हणून मला कसं सापडलं ते सांगतो. नाव लिहीत नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, म्हणजे आम्ही ज्याला नुसतं 'एए' म्हणतो त्याची, तशी रीतच आहे.

मी अंबडला एका कारखान्यात सीएनसी मशिनवर सेटर आहे. एकोणीस वर्षं झाली. शेवटच्या काळात सकाळी नव्वद मारल्याशिवाय हातात मायक्रोमीटर स्थिर धरता येत नसे. पहिल्या पाळीला जायचं तर साडेपाचला उठून प्यावी लागायची. सोडायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. वडील वारकरी, पौषातल्या निवृत्तीनाथांच्या यात्रेला दिंडीबरोबर पायी त्र्यंबकला जायचे. त्यांनीच माझ्या गळ्यात माळ घातली. चार महिने निभावलं. पाचव्या महिन्यात एका संध्याकाळी मी ती काढून डब्याच्या पिशवीत ठेवली, प्यायलो, आणि घरी जाण्याआधी पुन्हा गळ्यात घातली. मग तसंच चालू राहिलं. वडील त्याच वर्षी गेले. त्यांना हे कधी कळलं नाही.

बायकोनं भिंतीवरच्या जाहिरातीतला नंबर फिरवून 'न सांगता दारू सोडवणारी' पावडर मागवली होती आणि वरणात कालवली होती. त्या रात्री माझा चेहरा लालबुंद झाला, छाती धडधडायला लागली, उलट्या थांबेनात. ती घाबरून रडत होती, तेव्हा कुठे मला कळलं. तिच्यावर मी आज अजिबात रागावलेलो नाही. तिला दुसरा रस्ताच कुणी दाखवला नव्हता. पण ही चूक कुणी करू नका. दारू सोडण्यासाठी डायसल्फिरामसारखं औषध डॉक्टर देतात, ते रुग्णाला सांगून आणि त्याची तयारी असेल तरच देतात. ते पोटात असताना वर दारू गेली तर जिवावर बेतू शकतं.

आणखी एक चूक माझ्या स्वतःच्या हातून झाली. एके दिवशी मनाशी ठरवून एकदम बंद केली. दुसऱ्या दिवशी फिट आली. तिसऱ्या रात्री भिंतीवरून मुंग्यांच्या रांगा खाली उतरताना दिसायला लागल्या, मी चादर झटकत बसलो होतो आणि लेक दारात उभी राहून बघत होती. भावानं उचलून दवाखान्यात नेलं. रोज भरपूर पिणाऱ्यानं अचानक थांबवली की पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, पुढच्या दोन-तीन दिवसांत भ्रम होतो, ताप चढतो, आणि वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतोसुद्धा. मला सलाइन, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आणि उतरत्या डोसच्या गोळ्या दिल्या. निघताना डॉक्टर म्हणाले, "शरीरातली दारू आम्ही काढली. पुढचं काम इथं होत नाही. मिटिंगला जा." आणि ती चिठ्ठी दिली. पत्ता जुना झालाय हे त्यांनाही माहीत नसणार.

कुलपानंतरचे तीन आठवडे पुन्हा पिण्यातच गेले. फोनवर शोधलं की पहिल्यांदा व्यसनमुक्ती केंद्रांच्या जाहिराती येत, महिन्याची फी ऐकून मी फोन ठेवत असे. केंद्र वेगळं आणि मिटिंग वेगळी, हेही तेव्हा समजत नव्हतं. केंद्रात राहून उपचार घ्यावे लागतात आणि काहींना ते लागतातच. आमच्या गटातले दोघं पुण्याच्या मुक्तांगणमधून बरे होऊन आले, अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या. मिटिंग म्हणजे आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी तासा-दीड तासासाठी जमलेली, स्वतः दारूतून बाहेर पडलेली किंवा पडू पाहणारी माणसं. तिथं डॉक्टर नसतो, समुपदेशक नसतो, फी नसते.

नंबर शोधला माझ्या लेकीनं. नववीत होती. एए च्या भारतातल्या यादीत शहराप्रमाणे मिटिंगा आणि मदतीचे फोन नंबर असतात, त्यातून तिनं नाशिकचा नंबर वहीच्या मागच्या पानावर उतरवला, पान फाडलं आणि माझ्या डब्याखाली ठेवलं. मी वर बघितलं तेव्हा म्हणाली, "पप्पा, मी लावून बघितला. उचलतात."

तो एक शब्द नसता तर मी फोन केला असता की नाही, सांगता येत नाही.

गच्चीच्या जिन्यात जाऊन लावला. रात्रीचे नऊ वाजले असतील.

"बोला."

"मिटिंगची चौकशी करायची होती. एका मित्रासाठी."

"बरं. त्यांनी आज घेतलीय?"

"हो."

"जेवलेत?"

याचं उत्तर मला पटकन देता येईना. त्यांनी घाई केली नाही. मग रोज किती लागते, सकाळी लागते का, हात थरथरतात का, मागे कधी फिट आली होती का, असं एकेक विचारत गेले. बोलता बोलता 'त्यांना' चं 'तुम्हाला' कधी झालं ते माझ्याही ध्यानात आलं नाही. "आधी जेवा. उद्या सकाळी तुमच्या त्याच डॉक्टरांकडे जाऊन गोळ्या परत सुरू करून घ्या, मनानं बंद करू नका. आणि परवा या. मिटिंग सातला आहे, पण तुम्ही साडेसहाला या. मी गेटवर उभा असेन. हातात निळी पिशवी असेल."

ती मिटिंग एका चर्चच्या आवारातल्या खोलीत होती. रविवारी तिथं लहान मुलांचा वर्ग भरत असावा, भिंतीवर खडूनं रंगवलेली जहाजं आणि मासे चिकटवलेले होते. चर्चचा आणि एए चा संबंध एवढाच, की खोली भाड्यानं मिळते. गेटवर साठीतले एक गृहस्थ उभे होते, खरंच निळी पिशवी घेऊन. त्यांनी हात पुढे केला, नाव विचारलं, आडनाव विचारलं नाही. "चला, खुर्च्या लावायला हात लावा." साडेसहाला का बोलावलं ते तेव्हा समजलं. भरलेल्या खोलीत सगळ्यांच्या नजरा झेलत शिरण्यापेक्षा रिकाम्या खोलीत खुर्च्या मांडत असताना माणसं येत जाणं किती सोपं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. पिशवीतून दारूतून बाहेर पडण्याच्या एए च्या बारा पायऱ्या लिहिलेलं मराठी कापडी फलक निघालं, दोन-तीन पुस्तकं, एक पत्र्याचा डबा, चहाचा थर्मास आणि कागदी कप.

चहा त्यांनी सगळ्यांना पूर्ण दिला, मला अर्धा. दोन्ही हातांनी कप धरला तरी चहा हिंदकळत होता, पण अर्धाच असल्यामुळे सांडला नाही. शेजारच्या कुणाचं लक्षही गेलं नाही.

मग दारातून आमच्या सेक्टरमधले किराणा दुकानवाले आप्पा आत आले. माझ्या पायातलं बळच गेलं. ज्यांच्याकडून आम्ही महिन्याचं सामान भरतो, ज्यांना बायकोनं उधारी थकल्याबद्दल कितीदा हात जोडलेत, तेच. त्यांनी मला पाहिलं, शेजारची खुर्ची ओढली आणि म्हणाले, "या. बरं केलं आलात." बस. पुढे दुकानात शंभरदा भेट झाली असेल. गिऱ्हाइकं असताना त्यांनी नजरेनंसुद्धा कधी ते दाखवलं नाही. साखर मोजून दिली, हिशेब केला. खोलीत ऐकलेलं खोलीतच ठेवायचं, हा नियम ही माणसं किती निष्ठेनं पाळतात ते मी त्यांच्याकडे बघून शिकलो. ओळखीचं कुणी भेटेल या भीतीनं जे जात नाहीत त्यांना मी हेच सांगतो, की भेटलं तर तेही त्याच कारणासाठी आलेलं असतं.

सुरुवातीला थोडं वाचन झालं, मग एकेक जण बोलायला लागला. आपलं नाव, 'मी मद्यपी', आणि पुढं मनात येईल ते. एक रिक्षावाले होते, एक नोट प्रेसमधून निवृत्त झालेले, एक सव्वीस-सत्तावीस वर्षांचा पोरगा. मधे कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही, 'असं कसं केलंस' म्हणत नाही. रिक्षावाल्यांनी आईची पोत गहाण ठेवल्याचं सांगितलं, ज्या शांतपणे आपण बसचा नंबर सांगतो तेवढ्या शांतपणे. माझी पाळी आली तेव्हा मी फक्त नाव सांगितलं आणि म्हणालो, "आज घेतली नाही." टाळ्या वाजल्या. माळेची गोष्ट सांगायला मला पुढचे दोन महिने लागले. ज्या दिवशी सांगितली त्या दिवशी माझा आवाज फुटला, आणि कुणी मला थांबवलं नाही.

पत्र्याचा डबा फिरला तेव्हा मी खिशात हात घातला. "नवीन माणसानं नाही टाकायचं," शेजारून आप्पा म्हणाले. खोलीचं भाडं, चहा, पुस्तकं सगळं सभासदांच्या ऐच्छिक पैशातून चालतं, बाहेरच्या कुणाची देणगी घेत नाहीत. सही करायला रजिस्टर कुठाय म्हणून मी विचारलं, तर रजिस्टरच नसतं. सभासद व्हायला एकच अट, दारू सोडायची इच्छा पाहिजे.

आता शोधणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. पत्ता कुठेही वाचलात तरी जाण्याआधी फोन करा, कारण जागा भाड्याच्या किंवा मागून घेतलेल्या असतात, शाळेत परीक्षा आल्या की हलतात. म्हणूनच मीही इथं पत्ता देत नाही. मिटिंग 'ओपन' आहे की 'क्लोज्ड' ते विचारा. ओपनला घरचं माणूस सोबत येऊ शकतं, क्लोज्डला फक्त ज्याला स्वतःला दारूचा त्रास आहे तोच. भाषाही विचारा. मी एकदा चुकून इंग्रजी मिटिंगला जाऊन बसलो, माणसं तितकीच चांगली, पण माझं दुःख मला इंग्रजीत सांगता येणार नव्हतं. आणि एका गटात मन रमलं नाही तर दुसऱ्यात जाऊन बघा. रात्री-अपरात्री कुणाशीच बोलता येत नसेल तर व्यसनमुक्तीसाठी सरकारचा १४४४६ हा फुकट नंबर आहे, आणि मन फारच काळोखात गेलं असेल तर टेलिमानसचा १४४१६.

माझी खरी अडचण पाळ्यांची होती. पहिल्या ९० दिवसांत ९० मिटिंगा करा असं जुने सभासद सांगतात. दुसरी पाळी साडेतीन ते बारा, मिटिंगा संध्याकाळी सातला. मग निळ्या पिशवीवाल्या भाऊंनी माझ्यासोबत बसून कालनिर्णयवर खुणा केल्या. या दिवशी सिडकोजवळ, त्या दिवशी नाशिक रोड, रविवारी सकाळची, आणि दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात झूमवरची मराठी मिटिंग. लॉकडाऊनपासून त्या सुरू आहेत. कॅन्टीनमागे सायकल स्टँडवर कानात इअरफोन घालून मी कितीतरी मिटिंगा ऐकल्यात. ज्या चौकटींत बायको दुधाचे खाडे लिहायची, त्यांतच मी 'मि' असं लिहायला लागलो. नव्वद काही झाल्या नाहीत. बावन्न झाल्या.

बायकोला भाऊंच्या बायकोनं अल-अनॉनला नेलं. दारुड्यांच्या घरच्यांसाठीची ही वेगळी संघटना, एए चे एक संस्थापक बिल यांची पत्नी लॉइस यांनी आणखी एकीच्या सोबतीनं १९५१ साली सुरू केलेली. ती गेली ती नवऱ्याची दारू कशी सोडवायची ते शिकवतील म्हणून. तिथं तिला सांगितलं, ती तुम्ही लावलेली नाही आणि तुमच्यानं सुटणारही नाही, तुम्ही तुमची झोप, तुमचं जेवण सांभाळा. चिडून आली घरी. पण जात राहिली. आधी दार उघडताना ती माझ्या तोंडाजवळ यायची, वास घ्यायला. एक दिवस ती दार उघडून सरळ ओट्याकडे वळली. मी चपला काढत तिथंच कितीतरी वेळ उभा होतो.

एकसष्टाव्या दिवशी मी प्यायलो. रंगपंचमी होती. जुन्या नाशकात त्या दिवशी रहाडी उघडतात, जमिनीतले पेशवेकालीन हौद, वर्षभर बुजवलेले असतात, त्या एका दिवसासाठी उकरून रंगानं भरतात आणि माणसं त्यात उड्या घेतात. लहानपणापासून मी एकही वर्ष चुकवलं नव्हतं. उडीनंतर मित्रांसोबत बसणं हेही तितकंच जुनं. भाऊंनी आदल्या दिवशी विचारलं होतं, "कुणाबरोबर जाताय?" मी खोटं सांगितलं, एकटाच म्हणून. दोन पेग झाले. मग मोजले नाहीत.

दुसऱ्या दिवशी फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी ते घरी आले. चहा घेतला, लेकीला अभ्यास विचारला, आणि निघताना जिन्यात मला एक गोष्ट सांगितली. १९३५ सालची, अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावातली. न्यूयॉर्कचा बिल तिथं धंद्याच्या कामासाठी गेला होता, पाच-सहा महिने दारू सोडलेला. काम फसलं. हॉटेलच्या लॉबीत तो एकटा, खिशात जेमतेम पैसे. एका बाजूला बार, आतून हसण्याचे आवाज. दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि तिथं लावलेली गावातल्या चर्चची यादी. त्यानं यादीतून एका पाद्र्याला फोन लावला, मग त्यानं दिलेल्या नावांना एकामागून एक लावत गेला. मिळालं ते उत्तर एका बाईंकडून, त्यांनी त्याची गाठ गावातल्याच डॉक्टर बॉब यांच्याशी घालून दिली, तेही पिण्यापायी हैराण झालेले. त्या डॉक्टरांनी १० जून १९३५ ला शेवटची घेतली, आणि तोच दिवस एए चा जन्मदिवस धरतात.

"सगळे फोन उचलले गेले नसतील," भाऊ म्हणाले. "तो लावत राहिला. उद्या मिटिंग आहे. चहा मी आणतो."

उभं राहून सांगावं लागलं. एकसष्टचा आकडा पुन्हा एकवर आला. खोलीतले सगळे "परत या" एवढंच म्हणाले.

याला आता दोन वर्षं सात महिने झाले. पहिला प्याला टाळायचा, तोही फक्त आजच्या दिवसापुरता, यापलीकडे मी काही ठरवत नाही. मायक्रोमीटर हातात स्थिर राहतो. पहिल्या पाळीच्या आठवड्यात मदतीचा फोन माझ्याकडे असतो. रात्रीसुद्धा तो उशाशी ठेवतो, आवाज मोठा करून.

गेल्या आठवड्यात सिन्नरहून एकाचा फोन आला. आवाज तरुण होता, मागे बाळ रडत होतं. मी विचारलं, जेवलात का, डॉक्टरांना दाखवलंत का. एसटीनं सीबीएसला उतरून येतो म्हणाला. मंगळवारी सव्वासहापासून मी गेटवर होतो. सात वाजले, आत वाचन सुरू झाल्याचा आवाज आला, मी साडेसातपर्यंत बाहेरच थांबलो. तो आला नाही. दुसऱ्या दिवशी फोन केला, रिंग वाजून थांबली. मग मेसेज टाकला, की येत्या मंगळवारीही मी साडेसहाला तिथंच असेन. निळी पिशवी आता माझ्याकडे असते.